बिघडलेल्या मैफलीची साक्ष

इतिहास लिहितांना बखरींवर भिस्त ठेवावी कीं अस्सल कागदपत्रांवर, हा वाद महाराष्ट्रांत जुना आहे. तोच वाद एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या हेवी मेटल बँडच्या इतिहासांतही उभा राहतो. येथें ध्वनिमुद्रिका हा कागद आणि जलशास हजर असलेल्या रसिकांच्या आठवणी ही बखर. परंतु मुद्रणगृहांत चुकलेला सूर पुसून पुन्हां वाजवितां येतो. जलशांत तो सर्वांसमक्ष चुकतो. म्हणून येथें बखरीस मान द्यावा, मात्र ती डोळे झांकून वाचूं नये, असें आमचें मत आहे.

१९६८ सालीं ॲस्टन भागांतील चार कामकरी तरुणांनीं हा बँड उभारला. त्यांपैकीं टोनी आयॉमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें पत्र्याच्या कारखान्यांत तुटलीं होतीं. तो डावखुरा, तेव्हां गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणें केलीं, पुढें तारा सैल लावल्या, आणि या संगीताचा तो जड, खर्जांतला नाद घडत गेला.

१९७९ सालीं मूळ गायक ऑझी ऑसबोर्न यास काढण्यांत आलें. १९८३ सालीं इयान गिलन हा गायक आला. त्याला शब्द पाठ होईनात. पायाशीं ठेवलेले कागद रंगमंचावरील कृत्रिम धुक्यांत दिसेनासे होत, असें तो स्वतःच सांगत आला आहे. त्याच दौऱ्यांत स्टोनहेंजच्या शिळांचा देखावा इतका अवाढव्य झाला कीं कित्येक रंगमंचांवर तो मावेना. फुटांच्या जागीं मीटर धरल्याचा हा परिणाम, असें सांगतात. 'धिस इज स्पायनल टॅप' या १९८४ च्या विनोदी चित्रपटांतील शिळेचा प्रसंग या फजितीवरूनच घेतला, अशी अनेक रसिकांची समजूत आहे. परंतु तो प्रसंग चित्रपटाच्या १९८२ मधील नमुना-चित्रफितींतच होता! बखरींत क्रम उलटतो तो असा. आठवणीस तारखेची कसोटी हवी ती एवढ्याचसाठीं.

तथापि या चुकीमुळें सारी बखर टाकून द्यावी काय? गवयाचा आवाज न लागलेली बैठक ऐकून आलेला आपल्याकडील जाणता श्रोता काय करतो, तें पाहावें. 'आज कांहीं जमलें नाहीं' असें तो मोकळेपणानें म्हणतो, आणि पुढील बैठकीस पहिल्या रांगेंत जाऊन बसतो. त्याचा दोषारोप जिव्हाळ्याचा असतो, म्हणूनच तो विश्वासार्ह होय.

५ जुलै २०२५ रोजीं ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे २००५ नंतर प्रथमच एकत्र आले. कंपवातानें जर्जर झालेला ऑझी सिंहासनावर बसून गायिला. २२ जुलै रोजीं तो वारला. त्या रात्रीचें मोल केवळ सुरांवरून ठरवूं गेल्यास पुष्कळ उणें निघेल. मैदानावरील श्रोत्यांनाही तें ऐकूं येत होतें. तरी ते त्याच्याबरोबर गात राहिले. तो आवाज कांपत होता हेंही सांगावें, आणि लोक कां गात होते हेंही सांगावें. त्यांतलें दुसरें केवळ ध्वनिमुद्रिकेवरून कळणार नाहीं. त्याकरितां तेथें उभा असलेल्या रसिकालाच विचारलें पाहिजे.