उपळसरी, चोपचिनी आणि गळालेला एक शब्द

चार वर्षांपूर्वी पुतणीचा न्यू जर्सीहून फोन आला. "काका, आजी उन्हाळ्यात उपळसरीचं सरबत करायची ना, त्या मुळ्यांना इंग्लिशमध्ये काय म्हणतात? इथे मिळतात का बघते." सदाशिव पेठेतल्या घरात माझ्या टेबलावर दोन-तीन कोश नेहमी उघडेच असतात. मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "सार्सापरिला." पंधरा दिवसांनी तिचा पुन्हा फोन. मुळ्या मिळाल्या होत्या, तिने त्या उकळल्याही होत्या. "काका, याला वासच नाही! आणि साबणाच्या पाण्यासारखा फेस येतोय."

चूक माझी होती. कोशात 'इंडियन सार्सापरिला' असे होते आणि मी बोलताना पहिला शब्द गाळला. एवढ्याशा शब्दाने काय बिघडते, असे वाटले होते. पुढची चार वर्षे मी त्या शब्दाच्या मागे हिंडलो.

आधी सांगून टाकतो, मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. बँकेतली नोकरी वेळेआधी सोडली. आमच्या घरी पणजोबांची औषधांची एक मोडी वही होती. ती वाचायची म्हणून चाळिशीनंतर मोडी शिकलो. अक्षरे लागली, पण वनस्पतींची नावे लागेनात, म्हणून मग त्या विषयात शिरलो.

उपळसरी म्हणजेच अनंतमूळ, संस्कृतातली सारिवा. हेमिडेस्मस इंडिकस हे तिचे शास्त्रीय नाव. तारेसारखा बारीक वेल, समोरासमोर पाने, पुष्कळदा पानाच्या मधोमध पांढरट पट्टा, तोडले की चीक. खरी ओळख मुळाची. बोटांत चोळले की व्हॅनिलाच्या जवळचा गोड वास येतो. दक्षिणेत याच मुळाचे नन्नारी सरबत होते. पुतणीने आणले होते ते स्मायलॅक्स या काटेरी वेलीचे मूळ. ती मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंत वाढते. 'सार्सा' म्हणजे स्पॅनिशमध्ये काटेरी झुडूप. हिला चीक नाही, मुळाला तो वास नाही, आणि फेस येतो तो तिच्यातल्या सॅपोनिन द्रव्यांमुळे. दोघींचे कूळसुद्धा वेगळे. गंमत म्हणजे स्मायलॅक्सची सख्खी बहीण आपल्या सह्याद्रीत आहे, तिला घोटवेल म्हणतात. नावच द्यायचे, तर 'इंडियन सार्सापरिला' हे घोटवेलीला शोभले असते. मिळाले मात्र उपळसरीला.

याचे उत्तर शोधताना मी भलत्याच मुळाशी जाऊन पोचलो. ते मूळ चोपचिनीचे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे जाणेयेणे होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात चोपचिनीवर एक स्वतंत्र संवाद आहे. मार्कमने १९१३ साली केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर मी सलग बसून वाचले. चीनमधून येणारे हे मूळ १५३५च्या सुमारास गोव्यात माहीत झाले. ते उपदंशावर चालते अशी कीर्ती झाली आणि ते युरोपातही पोचले. सम्राट पाचव्या चार्ल्सने ते घेतले, आणि शरीररचनाशास्त्राचा प्रसिद्ध पंडित वेसालियस याने १५४६ साली त्यावर पत्ररूपाने एक पुस्तकच लिहिले.

त्याच शतकात आपल्याकडे भावमिश्राने भावप्रकाशात या नव्या रोगाला 'फिरंग' हे नाव दिले. फिरंग्यांकडून आलेला म्हणून फिरंग. त्यावरचे जे मूळ त्याने सांगितले, त्याचे नाव मला फार महत्त्वाचे वाटते: 'द्वीपांतरवचा'. वचा म्हणजे वेखंड. दुसऱ्या द्वीपावरचे वेखंड! आता चोपचिनीचा वेखंडाशी काडीचा संबंध नाही. वेखंड पाणथळ जागी वाढणारे, उग्र वासाचे, आणि चोपचिनी ही स्मायलॅक्स, म्हणजे पुन्हा त्याच काटेरी घराण्यातली. पण भावमिश्रापुढे परमुलखातून आलेले एक अनोळखी मूळ होते. त्याने घरातल्या ओळखीच्या मुळाचे नाव घेतले आणि त्याला देशाचे विशेषण जोडले. इराणकडून येणारी ती पारसीक वचा, कुलिंजन ती महाभरी वचा, आणि ही द्वीपांतरवचा. बाजाराने अर्थातच हे नाव उचलले नाही. बाजारात फारसी नाव रुळले, चोब-ए-चिनी, चीनचे लाकूड. आपल्या चोपदारातला 'चोप' तो हाच.

इंग्रजांनी तीनशे वर्षांनी केले ते नेमके हेच, फक्त दिशा उलटी. दरम्यान युरोपात चोपचिनीची जागा अमेरिकेतल्या सार्सापरिलाने घेतली होती. रक्तशुद्धी म्हटले की सार्सापरिला, इतके ते समीकरण घट्ट झाले. कंपनीच्या डॉक्टरांना हिंदुस्थानात ते मूळ महाग पडे. त्यांना दिसले की इथले वैद्य रक्तशुद्धीला अनंतमूळ देतात. झाले, त्याचे नाव 'इंडियन' नाहीतर 'कंट्री' सार्सापरिला. 'कंट्री' म्हणजे इथे गावठी. नाव वनस्पतीला दिले नव्हते, तिच्याकडून करून घ्यायच्या कामाला दिले होते. एखादा कारकून रजेवर गेला की बदलीवर आलेल्याला लोक त्याच्याच खुर्चीच्या नावाने हाक मारतात, तसे. १८६४ च्या ब्रिटिश फार्माकोपियात हेमिडेस्मसला जागा मिळाली खरी, पण नावातला बदलीपणा काही गेला नाही.

मराठीचे इंग्रजी कोश याच काळात तयार झाले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ची. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे, पण वनस्पतींच्या बाबतीत त्याच्याकडे पुष्कळदा 'एक झाड', 'एक वेल' एवढ्यावरच भागवावे लागते. पूर्वी याचा राग येई. आता वाटते, ठाऊक नाही तिथे 'एक वेल' म्हणून थांबणारा कोशकार हा ठोकून बरोबरीचे नाव देणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा. मुंबईतल्या सरकारी औषधभांडाराचा प्रमुख विल्यम डायमॉक याने वॉर्डन आणि हूपर यांच्यासोबत १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' काढले. त्यात बाजारातली नावे आहेत, वनस्पतीचे वर्णनही आहे. मराठी नाव अडले की मी आधी तेच पाहतो, आणि शंकर दाजी शास्त्री पदे यांचा 'वनौषधिगुणादर्श' जोडीला.

सरबताला फेस आला म्हणून कोणी दगावत नाही. माझी झोप उडाली ती दुसऱ्या एका बदलीवाल्याने.

ब्राझीलमधले इपेकॅक हे वांती करवणारे आणि आमांशावरचे औषध. त्याचाही स्वस्त पर्याय इथे शोधला गेला. तो टायलोफोरा इंडिका, 'इंडियन इपेकॅक'. १८६८ साली वॉरिंगने संपादित केलेल्या हिंदुस्थानच्या फार्माकोपियात तो आहे. मराठीत त्याला खडकी रास्ना किंवा पितमारी म्हणतात, आणि हिंदी-बंगालीत अंतमूळ. अनंतमूळ आणि अंतमूळ. दोन्ही बारीक वेल, एकाच कुळातले. एक मूळ सरबताचे, दुसरे ओकारीचे, आणि मध्ये फक्त एक 'न'.

मी पणजोबांची वही काढली. त्यात 'अनतमुळ' असा शब्द दोनदा येतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, आणि घाईत लिहिणारा अनुस्वार देईलच असे नाही. अनुस्वाराच्या जागी 'न'च लिहिलेलाही सापडतो. मी दोन्ही ठिकाणी बेधडक 'अनंतमूळ' वाचले होते. पहिली कृती खडीसाखर घालून काढ्याची, अंगातल्या उष्णतेसाठी. ती ठीक. दुसरी दम्याची. त्यात मात्रा गुंजांत मोजलेली आणि पुढे लिहिलेले की वांती झाल्यास भिऊ नये. उपळसरीने वांती होत नाही, आणि ती कोणी गुंजांत मोजून देत नाही. ते अंतमूळच होते. माझ्या या लिप्यंतराच्या वीस छायाप्रती मी नातेवाइकांत हौसेने वाटल्या होत्या. कोणी पहिल्या कृतीसाठी दुसरे मूळ आणले असते तर?

वीसही घरी फोन केले. सहा जणांना ती प्रत कुठे ठेवली हे आठवेना, याचे आयुष्यात पहिल्यांदाच बरे वाटले. बाकीच्यांना दुरुस्तीचे पान पाठवले. त्यात इंग्रजी नाव कुठेही दिले नाही. शास्त्रीय नाव, पानाचे चित्र, आणि मूळ चोळल्यावर वास यायला हवा, इतकेच. दम्याची कृती अख्खी खोडली.

पुतणीला शेवटी तिथल्या एका दाक्षिणात्य दुकानात नन्नारीची बाटली मिळाली. परवा तिचा फोन होता. "काका, वास तोच आहे. पण आजी इतकी गोड करायची नाही."