पू कोण तयार करतो?

गळू, पिकलेला कान, चिघळलेली जखम अशा विकारांना वैद्यकात 'पायोजेनिक' म्हणतात. मराठीत 'पूयजनक'. हे नुसते भाषांतर नाही. ग्रीक 'प्युऑन' आणि संस्कृत 'पूय', तसेच ग्रीक 'गेन्' आणि संस्कृत 'जन्' ही एकाच कुळातील भावंडे आहेत. 'पूय'चा मूळ अर्थ कुजणे, घाण येणे. म्हणजे नाव पडले ते वासावरून!

असे असूनही युरोपातील शल्यवैद्यांना शतकानुशतके पू हवाच असे. घट्ट, पांढरट, फारसा वास नसलेला पू दिसला की जखम सुधारते आहे असे ते मानत. त्याला 'स्तुत्य पू' म्हणत. ही निव्वळ अंधश्रद्धा नव्हती. पातळ, दुर्गंधी स्राव येणारे रुग्ण बहुधा दगावत. तेराव्या शतकात इटलीतील थिओडोरिकने पू न होताच जखम भरू शकते असे लिहिले, पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आली ती थेट १८६७ मध्ये.

मग अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात गोल जीवाणू होते. काही साखळीत, काही द्राक्षांच्या घडासारखे. घडवाल्यांना त्यांनी १८८२ मध्ये 'स्टॅफिलोकॉकस' नाव दिले. साखळीवाल्यांना बिलरोथ यांनी दिलेले 'स्ट्रेप्टोकॉकस' हे नाव होतेच. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी दोहोंच्या नावात 'पायोजेनिस', म्हणजे पू निर्माण करणारे, हे विशेषण जोडले.

पण खरेच जीवाणू पू निर्माण करतात का? पू म्हणजे मुख्यतः आपल्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात हे कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकावर दाखवले होते. प्राण्याच्या त्वचेखाली टर्पेंटाइन टोचले तर एकही जीवाणू नसताना पू होतो. तेव्हा जीवाणू फक्त चिथावणी देतो, पू शरीर करते. शब्दाने सगळे श्रेय, किंवा दोष म्हणा, जीवाणूला दिले आहे.

पुढे स्टॅफिलोकॉकसच्या नावातून ते विशेषण गळाले. 'ऑरियस' तेवढे राहिले. 'स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस' मात्र अजून तेच नाव मिरवतो. वर्गातल्या मुलांचा घसा दुखण्यामागे कधीकधी हाच असतो. उपचार न केल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. या संधिवाती तापात सांध्यांत किंवा झडपांत पूचा थेंबही नसतो.