मशीनची जात

आमच्या सूतगिरणीत बिहारकडचा एक जोडीदार आहे. पाळी सुटताना म्हणाला, "भाई, तुमचा महाराष्ट्र फुले-आंबेडकरांचा. इथं मशीन जात विचारत नाही."

विचारत होतं, गड्या. आमच्या पणज्यांच्या पिढीनं मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळला, पण साचेखात्याचं दार तिला बंद. जास्त मजुरी तिथंच! धोट्यात नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या थुंकीनं सवर्ण विणकर बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल टाकला, तेव्हा कुठं तो मागण्यांत शिरला. तोही पुढाऱ्यांच्या नाखुषीनं.

महाडचं तळं नगरपालिकेनं १९२४ साली कागदावर खुलं केलं. ओंजळभर पाण्याला १९२७ उजाडलं. हायकोर्टाचा निकाल १९३७ ला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ चा, नाव लागलं १९९४ ला. मधे आमची घरं जाळली.

आता बिनधोट्याचे साचे आलेत. तोंड लावायचं कारण उरलं नाही. तरी खोली भाड्यानं मागायला गेलो की घरमालक आधी आडनाव विचारतो.

पुरोगामी हा शब्द आम्ही मार खाऊन वसूल केलाय, दोस्ता. बाकी अजून येणं आहे.