गुलाबाई आणि मातीची घंटा

भाद्रपदी पौर्णिमेला खानदेशात गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई आणि शेजारी मातीचा गुलोबा, ही पार्वती-शंकराचीच घरगुती रूपे होत. कोजागरीपर्यंत मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, सासरची गाऱ्हाणी हसतखेळत सांगतात. आणि शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा वाजवून आत काय आहे ते ओळखावयास लावतात. देवतेपुढील ही थट्टा कोणासही अनुचित वाटत नाही.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी ते मूळचे खानदेशच्या फारुकी सुलतानांचे राजधानीचे शहर. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती गेला व खानदेश मोगलांचा सुभा झाला. पुढे इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्य प्रांतास जोडला गेला. सीमा हलल्या, तापीकाठच्या मराठी घरांतील गुलाबाई मात्र हलली नाही.

मातीला नाद देण्याची हौस फार पुरातन आहे. मोहेंजोदडो येथे पोकळ, आत मातीच्या गोळ्या घातलेले खुळखुळे सापडले. जपानातील ‘दोरेइ’ नामक मातीची घंटा याच युक्तीने वाजते. पोकळ मातीत गोळी ठेवून ती भाजतात आणि वर प्राणी किंवा मुखवटे रंगवितात. बारा वर्षांच्या चक्रात ज्या प्राण्याचे वर्ष असेल, त्याची घंटा शुभ मानतात. तिच्या नादाने अरिष्ट टळते अशी समजूत आहे. साक्षात वाघही येथे रुणझुणतो! घुबडाला जपानीत ‘फुकुरो’ म्हणतात. त्याच उच्चाराचा ‘कष्ट नाहीत’ असाही अर्थ लावता येतो. म्हणून आपल्याकडे अशुभ ठरलेला हा पक्षी तेथे सौख्याचे चिन्ह झाला.

१९४५ साली महायुद्धात जपानचा पराभव झाला. त्या उदास दिवसांत सागा प्रांतातील नोगोमी गावी तेरुजी सुझुता या कलावंताने लोकांना उभारी यावी म्हणून अशा घंटा घडविण्यास आरंभ केला. पुढे १९६३ च्या नववर्षाच्या टपाल तिकिटावर तेथील ससा झळकला.

संकटाचे भय असो वा सासरचे दुःख, ते उघड बोलणे कठीण. खेळात मात्र ते सहज बोलता येते. माती फुटते, पाण्यात विरघळते; म्हणून ती दरवर्षी नव्याने घडवावी लागते. कोजागरीनंतर गुलाबाईचे विसर्जन होते. पुढील भाद्रपदी ती पुन्हा बसावयाची, तर साचा धरणारे हात आणि गाणी जाणणाऱ्या मुली, दोन्ही घरी असावयास हव्यात.