दाभोळचा वायु व कोंकणचा पावसाळा



रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची जी औद्योगिक वसाहत आहे, तिचा आणि इराणी आखाताच्या वायूचा संबंध काय, असें एखादा सहज विचारील. पण कारखान्याला इंधन लागतें, आणि दक्षिणेकडे गुहागर तालुक्यांत अंजनवेलजवळ परदेशचा वायु उतरवून घेण्याचें एक बंदर आहे. तेथून पनवेलकडे जाणारी नळवाट रायगड जिल्ह्यांतूनच गेली आहे. दाभोळ गांव वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, हें बंदर दक्षिण तीरावर. तरी जगांत तें दाभोळच्याच नांवानें ओळखलें जातें. त्या बंदराचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम या वायूविषयीं दोन शब्द. नैसर्गिक वायु उणें १६२ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला म्हणजे तो द्रवरूप होतो आणि त्याचें आकारमान सुमारें सहाशेंपटींनीं घटतें. मग तो जहाजांत भरून दूरदेशीं नेतां येतो. १९४४ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं अशा द्रवाची टाकी फुटून शंभरांहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां या विद्येची वाढ कांहीं काळ खुंटली. पुढें १९५९ सालीं ‘मीथेन पायोनियर’ नांवाचें जहाज लुइझियानांतून हा माल घेऊन टेम्सच्या मुखाजवळील कॅन्व्ही बेटाला सुखरूप पोंचलें, आणि सागरपार व्यापाराचा मार्ग मोकळा झाला.

अशा बंदरांत जहाज धक्क्याला लागतें, द्रव दुहेरी भिंतींच्या टाक्यांत सांठवितात, तेथें त्याला ऊब देऊन त्याचा पुन्हा वायु करतात आणि नळांतून गिऱ्हाइकाकडे धाडतात. विकणारा, जहाज, धक्का, टाकी, नळ व घेणारा, अशी ही साखळी आहे. तिचा एकहि दुवा निखळला तर बाकीचे सारे व्यर्थ ठरतात. म्हणूनच अशा बंदराची योजना आंखतांना प्रश्न कोणत्या क्रमानें विचारावे, याला फार महत्त्व असतें.

दाभोळला हा क्रम चुकला. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा राज्य वीज मंडळाशीं प्राथमिक करार जून १९९२ मध्यें झाला आणि वीजखरेदीचा करार ८ डिसेंबर १९९३ रोजीं. पहिल्या टप्प्यांत नॅफ्थ्यावर व दुसऱ्यांत आयात वायूवर, अशी दोन हजार मेगावॅटांहून अधिक वीज निर्माण व्हावयाची होती. जागतिक बँकेनें १९९३ सालींच सांगितलें होतें कीं, एवढी वीज राज्याला एकदम पेलणार नाहीं आणि कोळशाच्या मानानें हें इंधन महाग पडेल. तें बाजूस राहिलें. वीज उचलली वा न उचलली तरी मंडळानें ठराविक आकार द्यावयाचा, आणि किंमत डॉलरशीं बांधलेली, असा तो करार होता. जमीन, पाणी आणि मासेमारी यांच्या चिंतेनें ग्रामस्थांनीं विरोध केला व तुरुंगवासहि भोगला. ऑगस्ट १९९५ मध्यें नव्या सरकारनें करार रद्द केला. पण १९९६ च्या आरंभीं फेरवाटाघाटींतून तोच प्रकल्प पुन्हा उभा राहिला.

मे १९९९ मध्यें पहिला टप्पा सुरू झाला. दुसऱ्यासाठीं ओमान व अबू धाबी येथून वायु आणण्याचे करार झाले, टाक्या उठूं लागल्या. तोंच बिलें मंडळाला झेपेनाशीं झालीं. एप्रिल २००१ मध्यें माधव गोडबोले समितीनें आपला अहवाल दिला. मे महिन्यांत मंडळानें करार मोडला, केंद्र बंद पडलें, आणि डिसेंबरांत खुद्द एन्रॉन कंपनीनेंच दिवाळें काढलें. बंदर अर्धवटच राहिलें.

याच सुमारास गुजरातेंतील दहेजची योजना चालू होती. तेथें सरकारी तेल व वायु कंपन्यांनींच १९९८ सालीं पेट्रोनेट ही कंपनी उभी केली आणि माल घेण्याची हमीहि त्यांच्यापैकींच कंपन्यांनीं दिली. घेणारा आधीं, टाकी मागाहून. २००४ सालीं तें बंदर चालू झालें.

दाभोळचा वारसा २००५ सालीं रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला, आणि वर्षाला पन्नास लक्ष टनांच्या हिशोबानें आंखलेलें बंदर २०१३ मध्यें सुरू झालें. पण लाटा अडविणारा सागरी बांध, जो मूळ आराखड्यांत होता, तो अपुराच होता. नैर्ऋत्येच्या वाऱ्यांत धक्क्याला जहाज स्थिर राहीना. त्यामुळें पुढें कित्येक वर्षें पावसाळ्याचे महिने तेथें माल उतरविणें बंद ठेवावें लागलें. पावसाळ्यांत होड्या वर ओढून नारळीपौर्णिमेची वाट पाहणें हें कोंकणच्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक असतें. करारनाम्यांच्या रचनाकारांना त्याचें मोल दिसलें नाहीं.

उद्यां आपल्या किनाऱ्यावर असें दुसरें बंदर सुचविलें जाईल, तेव्हां नागरिकांनीं टाक्यांची संख्या विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: वायु घेणार कोण, त्याची किंमत कोणत्या नाण्यांत व कोण फेडणार, आणि आषाढांतली लाट कोण अडविणार? या तिहींचीं उत्तरें लेखी मिळालीं म्हणजे मगच पायाचा दगड बसवावा.