व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील मानवी केसांचे दागिने : कारागिरी आणि विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना :
दागिन्याचे मोल सामान्यतः धातूच्या वजनावरून व रत्नांच्या पाण्यावरून ठरते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र असा एक दागिना लोकप्रिय होता, की ज्याचे खरे मोल 'हे केस कोणाचे?' या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. प्रस्तुत लेखात मानवी केसांपासून घडविलेल्या या दागिन्यांची पार्श्वभूमी, निर्मितीप्रक्रिया आणि त्यांतील विश्वासाचा प्रश्न यांचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ही प्रथा व्हिक्टोरिया राणीने सुरू केली, असा समज आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. 1649 मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाल्यानंतर त्याचे निष्ठावंत त्याचे केस अंगठीत व पदकात जतन करीत. 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनातही केसकामाचे नमुने मांडले होते. 14 डिसेंबर 1861 रोजी प्रिन्स अल्बर्टचे निधन झाले आणि राणीने 1901 पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, शोकवस्त्रे धारण केली. त्यामुळे आधीच रूढ असलेल्या या प्रथेला राजमान्यता लाभली. अर्थात, असा प्रत्येक दागिना शोकाचाच नसे. प्रेम, मैत्री व कौटुंबिक जिव्हाळा यांची खूण म्हणूनही तो दिला जाई. एमिली व ॲन या भगिनींच्या केसांचे शार्लट ब्राँटीचे ब्रेसलेट हॉवर्थ येथील संग्रहालयात आहे.

निर्मितीप्रक्रिया :
या कामाचे दोन मुख्य प्रकार होते. पहिल्या प्रकारात केस सपाट पसरून डिंकाने चिकटवीत व त्यांतून पिसे, फुले अशा आकृती साकारून त्या काचेखाली बसवीत. दुसरा प्रकार गोफाचा. प्रथम केस सोडा घातलेल्या पाण्यात उकळून त्यांतील तेलकटपणा काढीत आणि लांबीनुसार निवडीत. साधारण 20 केसांचा एक पेड करून त्याच्या टोकाला शिशाचे वजन बांधीत. मध्यभागी छिद्र असलेल्या गोल मेजावर असे पेड ठरावीक क्रमाने ओलांडून तारेच्या साच्याभोवती गोफ विणला जाई. पुढे तो उकळून व वाळवून आकार पक्का करीत, साचा काढून घेत आणि टोकांना सोन्याच्या कड्या बसवीत. स्वीडनमधील व्होमहूस गावच्या स्त्रिया याच कौशल्याच्या बळावर परदेशी जाऊन उदरनिर्वाह करीत.

विश्वासाचा प्रश्न :
16 पेडांच्या गोफास वरील हिशेबाने 320 लांब केस लागत. आप्ताची बट तेवढी नसेल, तर बाजारात विकत मिळणारे केस हाताशी होतेच. त्यामुळे कारागीर केसांची अदलाबदल करतात, ही शंका ग्राहकांच्या मनात घर करून राहिली. मार्क कॅम्पबेल यांनी 1867 मध्ये न्यूयॉर्क येथे केसकामाचे स्वयंशिक्षक प्रसिद्ध केले. स्वतः विणलेल्या दागिन्यात आपल्याच माणसाचे केस असल्याची खात्री, हे अशा पुस्तकांचे मोठे आकर्षण होते. शंकेमुळे कला दुकानातून घरात आली, असे म्हणता येईल.

ही शंका निराधार नव्हती, याचे प्रत्यंतर जर्मनीतील एका उदाहरणावरून येते. बेथोव्हेनची म्हणून लॉकेटमध्ये जपलेली एक प्रसिद्ध बट प्रत्यक्षात एका स्त्रीची असल्याचे 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. त्या बटेवरून त्याच्या आजाराविषयी काढलेल्या अनुमानांचा आधारच त्यामुळे नाहीसा झाला.

समारोप :
पहिल्या महायुद्धानंतर आखूड केसांची पद्धत आली आणि तत्पूर्वीच ओहोटी लागलेली ही कला मागे पडली. केस सहजासहजी कुजत नाहीत; परंतु ते कोणाचे, ही माहिती मात्र एका पिढीच्या मौनानेही नष्ट होते. म्हणून अशा वस्तूवरील नाव इतिहासाच्या अभ्यासकाने पुरावा न मानता पडताळण्याजोगे विधान मानावे. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे, की ज्या हातांनी तो दागिना आयुष्यभर जपला, त्यांचा शोक केस कोणाचेही असले तरी खराच होता.