व्हिला आर्पेल

फ्रेंच विनोदी चित्रपट ‘मों ओंक्ल’ (१९५८; ‘माझा मामा’) यातील काल्पनिक घर. दिग्दर्शक व प्रमुख नट झाक ताती. घराची कल्पना त्याचा मित्र, चित्रकार झाक लाग्रांज याची. वास्तुकलेच्या मासिकांतली चित्रे कापून, एकमेकांना चिकटवून त्याने हे घर रचले, त्यामुळे त्या काळातली प्रत्येक नवी फॅशन त्यात थोडी थोडी सापडते. प्रत्यक्ष बांधकाम नीस येथील व्हिक्टोरीन स्टुडिओच्या आवारात झाले.

घरमालक आर्पेल प्लास्टिकच्या नळ्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या बायकोचा भाऊ म्हणजे उंच, अबोल, पाइप ओढणारा ह्यूलो. ही भूमिका स्वतः तातीची. भाचा जेरार आईबापांच्या चकचकीत घरात कंटाळतो आणि मामाबरोबर जुन्या वस्तीत रमतो. कथानक म्हणावे तर एवढेच. बाकी सारे काम घरच करते.

फाटकापासून दारापर्यंतची वाट नागमोडी आहे. पाहुणी आणि यजमानीण हात पुढे करून एकमेकींकडे निघतात आणि वळणावर दोघींची तोंडे भलतीकडेच होतात. बागेतल्या उभ्या माशाच्या तोंडून कारंजे उडते, पण फक्त मानाच्या पाहुण्यांसाठी. घंटी वाजली की आर्पेलबाई धावत जाऊन कळ दाबतात. आलेला माणूस घरचाच किंवा दुकानचा निघाला की पाणी बंद. शोकेसमधला कपसेट बाहेर काढावा, तसा हा मासा. स्वयंपाकघर दवाखान्यासारखे पांढरेशुभ्र असून त्यातली यंत्रे सारखी गुरगुरतात. तिथे ह्यूलोच्या हातून एक भांडे पडते आणि चेंडूसारखे उसळते. खूश होऊन तो पेलाही टाकून पाहतो, तो अर्थातच फुटतो. हिरव्या लांबट कोचावर नीट बसता येत नाही, म्हणून ह्यूलो तो आडवा पाडतो आणि त्यावर सुखाने झोपतो. रात्री वरच्या मजल्यावरच्या दोन गोल खिडक्यांत नवराबायकोची डोकी दिसतात, तेव्हा घराला डोळे फुटल्याचा भास होतो. गॅरेजचे स्वयंचलित दार तर घरच्या कुत्र्याच्याच येण्याजाण्याने बंद होऊन मालकमालकिणीला आत कोंडते.

तातीचा कॅमेरा बहुधा लांब आणि स्थिर असतो. जवळून चेहरा दाखवून हसवणे त्याला मान्य नव्हते. त्यामुळे फरशीचा दगड कुठे, दार किती रुंद, बुटांची टाच कशी वाजते, यांवरच विनोद तोललेला असतो. संवाद जवळपास पार्श्वसंगीतासारखे येतात. विनोदी चित्रपटात सजावट सहसा नटांच्या मागे उभी असते. इथे नट सजावटीच्या तालावर चालतात. या बाबतीत तातीची बरोबरी करू शकेल असा एकच दिग्दर्शक डोळ्यांपुढे येतो, तो मूकपटांच्या काळातला बस्टर कीटन.

आर्पेलांच्या घराच्या अगदी उलट असे ह्यूलोचे जुने, वाकडेतिकडे घर दाखवले आहे. त्याचे चित्रीकरण पॅरिसजवळच्या सें-मोर येथे झाले. वरच्या खोलीपर्यंत पोहोचताना तो कधी या खिडकीत, कधी त्या जिन्यावर दिसतो. खिडकीचे तावदान हलवून तो उन्हाचा कवडसा पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर पाडतो आणि पक्षी गाऊ लागतो. ताती आधुनिक वास्तुकलेचा शत्रू होता असे यावरून सर्रास म्हटले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. त्याचा रोख भिंतींपेक्षा दिखाव्यावर आहे, आणि घर तर त्याने मोठ्या हौसेने सजवले आहे. ‘प्लेटाइम’ (१९६७) या पुढच्या चित्रपटात मात्र त्याने काच आणि पोलादाचे अख्खे नगर उभारले आणि त्यापायी तो कर्जात बुडाला.

‘मों ओंक्ल’ला कान महोत्सवात परीक्षकांचे खास पारितोषिक आणि परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रीकरणानंतर घर पाडण्यात आले. २०१४ च्या व्हेनिस वास्तुकला द्वैवार्षिकीत फ्रान्सच्या दालनात त्याची छोटी प्रतिकृती मांडली होती. घरातल्या काही आसनांची पुनर्निर्मितीही झाली असून बसायला गैरसोयीच्या म्हणून ज्यांची थट्टा झाली, त्यांना आता हौशी गिऱ्हाइके आहेत.